त्सुबावरची फुलं-पानं कशी वाचायची: पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

आपट्याचं पान एखाद्या परदेशी पाहुण्याच्या हातात दिलं तर त्याला काय दिसणार, मधोमध खाच असलेलं एक हिरवं पान, बास. आपल्याला त्यात दसरा दिसतो, सोनं दिसतं, संध्याकाळी घरोघरी जाऊन मोठ्यांच्या पाया पडणं आठवतं. जपानी तलवारीच्या सामानावर कोरलेली फुलं-पानं बघताना आपली अवस्था त्या पाहुण्यासारखीच होते. छान आहे, नाजूक आहे, सोनं वापरलंय, इथपर्यंत कळतं आणि मग गाडी अडते. माझी पहिली दोनेक वर्षं अशीच गेली, फोटो सेव्ह करत राहायचं आणि पुढे काहीच नाही. मग हळूहळू एक पद्धत बसत गेली, ती इथे क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. "शेवंती म्हणजे दीर्घायुष्य, बांबू म्हणजे चिवटपणा" अशी यादी पाठ करून हे येत नाही, मी करून बघितलंय. फूल एकटं फारसं बोलत नाही. त्याच्या शेजारी काय ठेवलंय, कुठला ऋतू चाललाय आणि त्या फुलाचं नाव मोठ्याने म्हटलं की दुसरा कुठला शब्द ऐकू येतो, हे तिन्ही बघितलं की मग ते बोलायला लागतं.

आता सामान कुठलं ते. त्सुबा म्हणजे तलवारीची मूठ आणि पातं यांच्या मधली चकती, काताना या लांब तलवारीची साधारण ७ ते ८ सेंटिमीटरची, तळहातात आरामात मावते. मुठीवर जी दोरी गुंडाळलेली असते तिच्याखाली दोन्ही बाजूंना बसवलेले नक्षीचे छोटे तुकडे म्हणजे मेनुकी. मुठीच्या खालच्या टोकाची टोपी काशिरा, त्सुबाकडच्या बाजूचं कडं फुची. म्यानाला चिकटून एक छोटी सुरी असते तिची मूठ कोझुका, आणि केस सारखे करायची एक सळई असते ती कोगाई. हे सगळं एकाच विषयावर जुळवून केलेलं असू शकतं. १८७६ साली तलवार लावून फिरायला बंदी आली आणि हे कारागीर एका झटक्यात बेकार झाले, मग बरेचजण फुलदाण्या, धूपपात्रं, तंबाखूच्या पाइपा, ओबी म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्यावर लावायचे दागिने याकडे वळले. पण फुलांची भाषा तीच राहिली, त्यामुळे त्सुबा वाचता आला की मेइजी काळातली (१८६८ ते १९१२) फुलदाणीपण बऱ्यापैकी वाचता येते.

पायरी १: चिल्लर मागून आणा

मस्करी नाही. जपानला जाऊन आलेलं कुणीतरी ओळखीत असतंच, ऑफिसच्या कामाला गेलेला मित्र नाहीतर टूरवर गेलेले काका-काकू. त्यांच्याकडे उरलेली नाणी मागा. १०० येनवर साकुरा म्हणजे चेरीचं फूल आहे, ५० येनवर शेवंती, ५०० येनवर किरी म्हणजे पाऊलोनियाचं झाड (२०२१ मध्ये दोन रंगांचं नवीन नाणं आलं, त्यावरही किरीच). ५०० च्या मागे बांबू आणि ताचिबाना नावाचं छोटं संत्रं. म्हणजे या कलेतली चार-पाच मुख्य झाडं तुमच्या हातात आलीसुद्धा, तीही धातूत, तीही उठावात.

सगळ्यात कामाचं नाणं मात्र पिवळं ५ येनचं. त्यावर भाताची लोंबी वाकलेली आहे, खाली पाण्याच्या आडव्या रेघा आहेत, आणि मधल्या भोकाभोवती दातेरी चाक. शेती, मासेमारी, कारखाने, असं सगळं एका नाण्यात. बघायचं काय, तर भोक चित्राच्या आड येत नाही, भोकालाच चित्रात घेतलंय. त्सुबावर कारागीर नेमकं हेच करतो कारण त्याच्याकडेही मधोमध भोक असतं आणि ते टाळता येत नाही. शिवाय ५ येनला जपानीत म्हणतात गो-एन, आणि गो-एन म्हणजे ऋणानुबंधसुद्धा, म्हणून देवळात लोक मुद्दाम ५ चं नाणं टाकतात. हा शब्दखेळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी २: हानाफुदाचा एक कॅट घ्या

हानाफुदा म्हणजे जपानी फुलांचे पत्ते. ४८ पत्ते, १२ महिने, प्रत्येक महिन्याचं एक झाड आणि त्याचे चार पत्ते. निन्टेन्डो कंपनी १८८९ मध्ये क्योटोत सुरू झाली ती हे पत्ते बनवायलाच, व्हिडिओ गेम फार नंतर आले. ऑनलाइन फोटो बघितले तरी चालेल पण हातात घेऊन खेळलं की डोक्यात पक्कं बसतं.

जानेवारी पाइन आणि क्रौंच, फेब्रुवारी उमे म्हणजे जपानी प्लमचं फूल आणि उगुइसु नावाचा गाणारा पक्षी, मार्च चेरी, एप्रिल विस्टेरिया आणि कोकिळेच्या जातीतला एक पक्षी, मे आयरिस आणि फळ्यांचा पूल, जून पिओनी आणि फुलपाखरं, जुलै हागी नावाचं फुलझुडूप आणि रानडुक्कर, ऑगस्ट गवत आणि चंद्र, सप्टेंबर शेवंती आणि साकेचा प्याला, ऑक्टोबर मॅपल आणि हरीण, नोव्हेंबर विलो, डिसेंबर किरी आणि त्यावर फिनिक्स. (किरीचा उच्चार "शेवट" अशा अर्थानेही होतो म्हणून तो वर्षाच्या शेवटी आला असं म्हणतात.) महिने जुन्या चांद्र पंचांगाचे आहेत, आपल्या तिथ्यांसारखे मागेपुढे होतात, त्यामुळे "फेब्रुवारीत उमे कसं काय" वगैरे वाद घालू नका.

या जोड्या पत्त्यांच्या आधीपासून कवितेत, चित्रात आणि कापडावर चालत आल्यात, धातूवाल्यांनी तिथूनच घेतल्यात. म्हणजे त्सुबावर हरीण दिसलं आणि झाडाची पानं झिजल्यामुळे कळत नसतील तर आधी मॅपल म्हणून बघायचं. पिओनीबरोबर सिंह, बांबूबरोबर वाघ किंवा चिमण्या, बोरूबरोबर हंसांचा थवा, राळ्याच्या कणसाबरोबर लावा पक्षी, या जोड्या पत्त्यांत नाहीत पण तेवढ्याच पक्क्या आहेत.

पायरी ३: चकती सरळ धरा

हे पटकन उरकतो. मधल्या लांबट त्रिकोणी भोकाचं टोक वर ठेवायचं, कारण काताना कमरेला धार वर करून खोवतात. डावीकडे अर्ध्या चंद्रासारखं भोक असेल तर ते कोझुकासाठी, उजवीकडे तीन फुगीर कडांचं असेल तर ते कोगाईसाठी. दोन्ही असतीलच असं नाही, आणि कधीकधी नंतर कुणीतरी धातू भरून बुजवलेली असतात. मुठीकडची बाजू ती दर्शनी, सही असली तर सहसा त्याच बाजूला असते.

दोन गोष्टींनी नवीन माणूस फसतो. एक म्हणजे बदामाच्या आकाराची आरपार भोकं. ते पान पण नाही आणि प्रेमाचा बदाम पण नाही, त्याला इनोमे म्हणतात, रानडुकराचा डोळा, आणि ते वाईट नजर लागू नये म्हणून देवळांच्या लाकूडकामातही दिसतं. दुसरं म्हणजे आरपार कापलेलं काम, सुकाशी. यात कधी फूल कापून काढलेलं असतं आणि फुलाच्या आकाराची पोकळी राहते, कधी उलट, फूल ठेवून आजूबाजूचं सगळं कापलेलं असतं. फोटोत काळं-पांढरं उलटं वाचलं तर काहीच्या काही दिसतं. मी एकदा अर्धा तास एका त्सुबावर कसलं तरी फुलपाखरू शोधत होतो, ते दोन पानांच्या मधलं रिकामं होतं.

पायरी ४: पाकळ्या मोजू नका, पाकळीचं टोक बघा

पाच पाकळ्यांची फुलं ढिगाने आहेत त्यामुळे मोजून काही कळत नाही. टोक गोल असेल तर उमे, टोकाला बारीक खाच असेल तर साकुरा, टोक अणकुचीदार असून सगळं मिळून चांदणीसारखं दिसत असेल तर किक्यो म्हणजे बलूनफ्लॉवर, टोक फाटल्यासारखं झालरीचं असेल तर नादेशिको, कार्नेशनच्या कुळातलं. एवढ्या एका नियमावर माझं निम्मं काम झालं. उमेचं अजून सोपं रूप म्हणजे मध्ये एक टिंब आणि भोवती पाच गोळे, पोरांनी काढलेल्या फुलासारखं, ते कागा प्रांताच्या माएदा घराण्याच्या चिन्हातही आहे.

शेवंती तर चुकणारच नाही, मध्यापासून सगळीकडे सारख्या पाकळ्या. राजघराण्याच्या चिन्हात १६ पाकळ्या आणि त्यामागे अजून एक थर डोकावतो, जपानी पासपोर्टवर एकाच थराची असते. पण म्हणून शेवंती दिसली की लगेच "बादशहाची तलवार" म्हणून उडी मारू नका, शेवंती सगळ्यांनीच वापरली आहे. गोतोबा या सम्राटाला शेवंतीचं आणि तलवारींचं दोन्हींचं वेड होतं (तो ११८० ते १२३९ मधला) आणि राजघराण्याशी ते फूल चिकटलं ते त्याच्यापासून असं मानतात.

पानांचं थोडं अवघड आहे. खाली तीन मोठी पानं आणि वर तीन उभे तुरे म्हणजे किरी. तुऱ्यातली फुलं मोजायची, ५-७-५ असतील तर वरच्या दर्जाचं चिन्ह, सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी याने वापरलेलं आणि आज जपान सरकारचं, ३-५-३ असतील तर साधं. तुरे खाली लोंबत असतील तर ती किरी नव्हे, विस्टेरिया. बदामी आकाराची तीन पानं वर्तुळात टोकं आत करून बसली असतील तर आओई, तोकुगावा या शोगुन घराण्याचं चिन्ह. तीन बदाम टोकं मध्यात जोडून बाहेर पसरले असतील तर काताबामी, आणि काताबामी म्हणजे कुठलं दूरदेशीचं झाड नाही हो, आपल्या कुंड्यांमध्ये न लावता उगवणारी आंबुशी! कितीही उपटा परत येते, आणि नेमक्या त्याच गुणासाठी सामुराई घराण्यांनी ती चिन्ह म्हणून घेतली, आपला वंश असाच टिको म्हणून. हे कळल्यापासून मी गॅलरीतली आंबुशी उपटत नाही, बायको वैतागते.

बाणाच्या पात्यासारखं पान पाण्यात उभं असेल तर ओमोदाका. आकारावरूनच त्याला विजयाचं गवत मानलं, मोरी घराण्याने ते वापरलं. आणि कमरेत बारीक असलेला भोपळा दिसला तर तो ह्योतान, आपल्याकडे मिरजेला तंबोऱ्याला जो कडू भोपळा वापरतात त्याचाच भाऊबंद, वनस्पतिशास्त्रात जात एकच. भोपळा हे हिदेयोशीच्या निशाणाचं चिन्ह.

पायरी ५: कोण नाहीये ते शोधा

हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा लांबवणार आहे. आपल्याकडे वीट आणि त्यावर दोन पावलं एवढंच काढलं तरी विठोबा आला, बासरी आणि मोरपीस ठेवलं की कृष्ण काढायची गरज नाही. जपानी सजावटीत याला नावच आहे, रुसु-मोयो, म्हणजे "घरी कुणी नाही" अशी नक्षी. माणसं गायब, फक्त झाड आणि एखादी वस्तू, बाकीचं बघणाऱ्याने भरायचं.

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे आयरिसची फुलं आणि वाकडातिकडा फळ्यांचा पूल. "इसे मोनोगातारी" नावाचं जुनं पुस्तक आहे, त्यात एक सरदार राजधानी सोडून पूर्वेला निघालाय, वाटेत मिकावा प्रांतात, म्हणजे आजच्या आइची भागात, यात्सुहाशी नावाच्या ठिकाणी थांबतो. पाणी आठ वाटांनी पसरलेलं, त्यावर आठ फळ्या, आणि काकित्सुबाता जातीची आयरिस फुललेली. कुणीतरी म्हणतं, फुलाच्या नावातलं एकेक अक्षर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला येईल अशी प्रवासाची कविता कर. तो करतो, घरी राहिलेल्या बायकोची आठवण त्यात येते, आणि सगळे इतके रडतात की शिदोरीचा सुकवलेला भात आसवांनी फुगतो. आता त्सुबावर काय असतं, तर चार फुलं, दोन-तीन फळ्या, कधी थोडं पाणी. सरदार नाही, बायको नाही, भात नाही. पण तलवार लावून घर सोडून एदोला (आजचं टोकियो) नोकरीला गेलेल्या माणसाला ते चारच फुलं पुरत असणार, असं मला आपलं वाटतं.

अशा अजून काही जुळण्या पाठ करून ठेवा, या पाठ केलेल्या उपयोगी पडतात. पाइनच्या झाडाखाली खराटा आणि दाताळं पडलेलं असेल तर ते ताकासागोचं म्हातारं जोडपं, सुया झाडत बसलेलं, एकत्र म्हातारं होण्याची शुभेच्छा. (पाइनच्या सुया गळून पडतात तेव्हाही दोन-दोन जोडीने पडतात, त्यामुळे नुसत्या सुयांची जोडी असली तरी नवरा-बायकोचं एकत्र राहणं त्यात येतं.) बाणांच्या भात्यात उमेची फांदी खोचलेली असेल तर काजिवारा कागेसुए, ११८४ च्या इची-नो-तानीच्या लढाईत भात्यात फुलांची फांदी खोचून लढला म्हणून सांगतात तो. पंख्यावर ठेवलेलं पांढरं युगाओ म्हणजे भोपळ्याच्या वेलाचं फूल असेल तर "गेंजीची गोष्ट" या जुन्या जपानी कादंबरीतली युगाओ नावाची बाई. उमेजवळ बैल बसलेला असेल तर सुगावारा नो मिचिझाने, विद्वान माणूस, ९०१ साली कारस्थानाने दाझाइफूला हद्दपार केलेला आणि तिथेच ९०३ मध्ये गेलेला, ज्याच्या घरचं उमेचं झाड त्याच्यामागून उडत गेलं अशी कथा आहे, आता तो विद्येचा देव आहे आणि परीक्षेच्या आधी पोरं त्याच्या देवळात जातात.

शेवंती आणि वाहतं पाणी यात मात्र थांबून विचार करा, इथे दोन रस्ते फुटतात. एक कथा अशी की डोंगरात टाकून दिलेला एक मुलगा शेवंतीच्या पानांवरचं दव पीत राहिला आणि सातशे वर्षं पोरगाच राहिला. दुसरं म्हणजे कुसुनोकी मासाशिगे, सम्राटासाठी लढत १३३६ मध्ये मिनातोगावाला मेलेला सरदार, त्याचं चिन्ह अर्धी शेवंती पाण्यावर तरंगतेय असं. फूल चिन्हासारखं आखीव-रेखीव आणि अर्धंच असेल तर मासाशिगे, काठावर पानांसकट मोकळेपणाने उगवलेलं असेल तर दव पिणारा मुलगा, किंवा नुसतंच दीर्घायुष्य. दोन्ही ठामपणे सांगता येईलच असं नाही, विक्रेते मात्र नेहमी ठामपणे सांगतात.

पायरी ६: नाव मोठ्याने म्हणा

जपानीत सारख्या उच्चाराचे शब्द खूप, आणि कारागिरांना ते भारी आवडायचे. शोबू म्हणजे तेच आपलं वेखंड, बाळाला उगाळून देतात ते, त्याची पानं तलवारीच्या पात्यासारखी लांब आणि टोकदार. पण शोबू म्हणजे "शौर्याचा आदर" पण होतं आणि "लढत, हार-जीत" पण होतं. म्हणून पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, मुलांच्या सणाला, वेखंडाची पानं आंघोळीच्या पाण्यात टाकतात, आणि म्हणूनच ती तलवारीवर एवढी दिसतात. यातला एक घोळ असा की वेखंडाचं फूल काही देखणं नसतं, त्यामुळे चित्रात बऱ्याचदा फूल आयरिसचं येतं आणि अर्थ वेखंडाचा.

म्योगा म्हणजे आल्याच्या कुळातलं एक झाड, त्याचे कोंब खातात, पण म्योगा म्हणजे देवाची कृपापण. नांतेन हे लाल फळांचं झुडूप, पण "नान ओ तेन" असं तोडलं की संकट पालटवणारं. वांगं म्हणजे नासु, आणि नासु म्हणजे "साध्य करणं", नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा किंवा वांगं दिसलं तर वर्ष चांगलं जातं असं मानतात, तेव्हा तीन विचित्र वस्तू एकाच कोझुकावर बघून गोंधळू नका. सुकवलेलं चेस्टनट म्हणजे काचिगुरी, त्यातल्या काचीचा अर्थ विजय. आणि सहा भोपळे एकत्र असतील तर ते "मुब्यो", सहा भोपळे असाही अर्थ आणि निरोगीपणा असाही. म्हणून भोपळे दिसले की मोजायचे, पाकळ्या नाही मोजल्या तरी चालेल.

जपानी येत नसेल तर काय करायचं? झाड ओळखलं की त्याचं जपानी नाव शोधायचं आणि त्या उच्चाराचे बाकीचे शब्द डिक्शनरी अॅपमध्ये बघायचे. दहातल्या सात वेळा काही मिळणार नाही. पण मिळेल तेव्हा मजा येते, आणि मग स्वतःच खोटे खोटे शब्दखेळ रचायचा मोह होतो, तो आवरा.

पायरी ७: चिन्ह आहे की चित्र आहे

फूल वर्तुळात, सारखं, समोरून बघितल्यासारखं, देठ-पान आखून बसवलेलं असेल तर ते घराण्याचं चिन्ह म्हणजे मोन असायची शक्यता. देठ वाकलाय, एक पान किड्याने खाल्लंय, एक कळी अजून मिटलेली आहे, तर ते चित्र. चिन्ह म्हणजे मालक कोण, चित्र म्हणजे मालकाला काय आवडतं, एवढा फरक. पण नुसती शोभा म्हणूनही चिन्हं विखरून टाकायचे त्यामुळे घराण्याचं नाव छातीठोक सांगू नका.

यात न बसणारी एक गोष्ट म्हणजे काराकुसा, गोल गोल वळत जाणारी वेल. ती कुठल्याच खऱ्या झाडाची नाही, पश्चिम आशियाकडून चीनमार्गे आलेली नक्षी आहे, सुरुवात-शेवट नाही म्हणून वंश वाढत राहो असा अर्थ लावतात. हिरव्या कापडावर पांढरी काराकुसा म्हणजे जपानी कॉमिकमधल्या चोराचं गाठोडं, तीच.

पायरी ८: धातूचा रंग हा फुलाचाच भाग

इथे रंग लावलेला नसतो, मिश्रधातूच तसा असतो. शाकुदो म्हणजे तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं, प्रक्रियेनंतर जांभळाच्या सालीसारखा निळसर काळा होतो. शिबुइची या नावाचा अर्थच एक चतुर्थांश, तांब्यात चांदी, त्यातून पावसाळी ढगासारखे करडे रंग. आधी किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवायचं आणि मग रोकुशो नावाच्या तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात उकळायचं, की रंग चढतो. आपल्या बिदरीशी तुलना करायचा मोह होतोच, तिथेही काळ्यावर चांदीची फुलं आहेत, पण बिदरीत धातू मुख्यतः जस्त आणि काळेपणा बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने येतो, इथे तांब्यातलं ते चिमूटभर सोनं काम करतं.

काळ्या शाकुदोवर बारीक दाणे दाणे दिसले तर ते नानाको, अर्थ माशाची अंडी, आपली गाबोळी. एकेक दाणा वेगळा ठोकलेला, ओळीत. त्यावर सोन्याची शेवंती किंवा किरी म्हणजे सरकारी, दरबारी थाट, गोतो घराण्याचं काम याच वळणाचं. गोतो युजो (१४४० ते १५१२) पासून १७ पिढ्या ते हेच करत होते. त्याउलट योकोया सोमिन (१६७० ते १७३३) याने छिन्नी अशी तिरकी चालवली की कोरलेली रेघ ब्रशने ओढल्यासारखी जाड-बारीक दिसते, तिथे फूल शाईच्या चित्रासारखं वाचायचं. मग शेवटी कानो नात्सुओ (१८२८ ते १८९८), जो तलवारीचं सामान करत मोठा झाला आणि मेइजी सरकारच्या नव्या नाण्यांचं कामही ज्याने केलं, म्हणजे पहिल्या पायरीवरच्या चिल्लरीचं नातं इथे येऊन लागतं.

एक कामाची टीप, चांदी काळी पडते. पांढऱ्या उमेची पाकळी म्हणून बसवलेली चांदी आज जवळजवळ काळी दिसू शकते, चंद्र तर हमखास काळवंडलेला असतो. तेव्हा "काळं फूल, अशुभ असेल का" वगैरे नाही, ते पांढरं होतं.

पायरी ९: उलटून बघा

फोटो एकाच बाजूचा असेल तर अर्धीच गोष्ट मिळाली. पुढे चेरी आणि मागे मॅपल असेल तर योशिनोचा वसंत आणि तात्सुता नदीचा शरद, या दोन जागा कवितेत त्याच झाडांसाठी आहेत. पुढे गवत आणि मागे नुसता चंद्र असेल तर मुसाशीचं माळरान, जिथे चंद्राला मावळायला डोंगर नाही म्हणून तो गवतातच उगवतो आणि गवतातच बुडतो. ते गवत म्हणजे सुसुकी, आपल्याकडच्या काशाच्या तुऱ्यांसारखं, शरदातल्या सात गवत-फुलांपैकी एक.

सराव कुठे करायचा

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून आपल्याकडच्या बऱ्याच वस्तूंचे फोटो फुकट खुले केलेत, बॉस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियमकडेही त्सुबांचा मोठा साठा ऑनलाइन आहे. सर्चमध्ये त्सुबा इंग्रजी अक्षरांत टाका, शीर्षक वाचायच्या आधी स्वतः ओळखा, मग ताडून बघा. दिवसाला दोन पुरे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तूंचं दालन आहे, तिथे चिनीमातीवर आणि इतर वस्तूंवर नेहमी एकत्र येणारी पाइन-बांबू-उमेची तिकडी शोधायचा सराव होतो, धातू नसला तरी फुलं तीच. टोकियोला जाणार असाल तर रियोगोकुचं तलवारींचं म्युझियम आणि क्योटोत सान्नेनझाका म्युझियम, दुसऱ्यात मेइजी काळातलं धातुकाम आहे.

विकत घ्यायचा मोह पहिल्या वर्षी टाळा. सहीवर विश्वास ठेवू नका, मोठ्या कारागिरांच्या खोट्या सह्या जुन्या काळापासून चालत आल्यात आणि त्यासाठी गिमेइ असा वेगळा शब्दच आहे. साच्यात ओतलेल्या नकलेत भोकांच्या आतल्या भिंतीवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, पाकळ्यांच्या कडा साबण विरघळल्यासारख्या गोल असतात, छिन्नीची धार कुठेच सापडत नाही. विक्रेत्याकडे कडेचा आणि भोकाच्या आतला क्लोजअप मागा, देत नसेल तर सोडून द्या.

आणि वस्तू हातात आलीच तर कडेने धरा, हाताच्या घामाने लोखंड गंजतं, मऊ सुती कापडाने पुसलं की झालं. घासायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, भांड्याची पावडर तर अजिबात नाही. हे मी अशासाठी सांगतोय की मला एक फुटकळ जुनं फुची मिळालं होतं, काळपट, त्यावर सोन्याच्या दोन शेवंत्या, आणि मी दिवाळीच्या साफसफाईच्या भरात देवाच्या तांब्याबरोबर तेही चिंचेने घासून टाकलं. दहा मिनिटांत लखलखीत झालं. अजून ड्रॉवरमध्ये आहे, गुलाबीसर तांब्याच्या रंगाचं, आणि त्यावरच्या सोन्याच्या शेवंत्या आता नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत.